जुन्या स्कॉर्पिओ-सफारीतला वाऱ्याचा आवाज: दाराच्या रबरांपासून सुरुवात कशी करायची

दहा-पंधरा वर्षं चाललेल्या स्कॉर्पिओत, सफारीत किंवा बोलेरोत ऐंशीच्या पुढे काटा गेला की मागच्या सीटवरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागतं. मालकाच्या कानांना ते सवयीचं झालेलं असतं. पाहुणा बसला की तो म्हणतो, "काच नीट लागली नाहीये का रे?" मग कुणीतरी सल्ला देतं की चारी दारांना रबराची पट्टी मारून घे. ॲक्सेसरीवाला तासाभरात पट्ट्या चिकटवून देतो, दारं आपटून लावावी लागतात आणि आवाज होता तसाच राहतो. पट्टीत खोट नसते. हवा कुठून शिरते हे न बघता ती चिकटवलेली असते.

या लेखातला बहुतेक वेळ म्हणूनच शोधण्यावर जाणार आहे. रबर बसवणं हे एका रविवारचं काम आहे आणि त्याला फारशी हत्यारंही लागत नाहीत.

आधी आवाज ओळखा

केबिनमधला आवाज मुख्यतः तीन ठिकाणांहून येतो: इंजिन, टायर आणि वारा. दाराची रबरं फक्त वाऱ्याच्या आवाजावर, आणि थोडीफार शेजारून जाणाऱ्या ट्रक-बसच्या आवाजावर काम करतात. डिझेल इंजिनाचा खडखडाट फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, आणि गिअर लिव्हरच्या बुटातून येतो. टायरचा घोंघाट फ्लोअरमधून आणि चाकांच्या कमानींमधून येतो. तिथे दाराला कितीही रबर लावा, उपयोग नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. गाडी उभी असताना, हायवेवर असतो तेवढा आरपीएम धरून ऐका. हे तुमचं इंजिन. रस्ता बदलल्यावर आवाज बदलला, म्हणजे डांबरावर खाली आला आणि काँक्रीटवर चढला, तर तो टायर. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे आणि समृद्धी, दोन्ही काँक्रीटचे आहेत, त्यामुळे तिथला घोंघाट ऐकून दाराला दोष देऊ नका. वाऱ्याचा आवाज मात्र सत्तर-ऐंशीनंतर सुरू होतो, त्यात 'स्स्स' किंवा शिट्टी असते, आणि समोरून मोठी गाडी गेली किंवा आडवा वारा लागला की तो क्षणभर बदलतो. हाच तुमचा गिऱ्हाईक.

हा आवाज वेगाबरोबर किती झपाट्याने चढतो ते लक्षात घ्या. वाऱ्याच्या आवाजाची ताकद वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते, म्हणजे ८० वरून १०० वर गेलात की जवळपास ६ डेसिबलची भर. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे. जुन्या एसयूव्हीचा उभा विंडस्क्रीन आणि चौकोनी आरसे त्या वेगासाठी घडवलेलेच नाहीत. तेव्हा तिथे गाडी आजच्या सेडानसारखी शांत होईल ही अपेक्षा सोडून द्या.

मग बारीकशा फटीची एवढी काळजी का करायची? कारण आवाज अडवण्याच्या बाबतीत फट सगळ्या दाराला भारी पडते. दाराच्या एकूण क्षेत्रफळात फक्त १ टक्का उघडी फट असेल, तर बाकीचं दार कितीही जाड असलं तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. फट ०.१ टक्क्यावर आणली तर हीच मर्यादा ३० वर जाते. दाराच्या आत आवाज शोषणाऱ्या महागड्या डॅम्पिंग शीट मारून रबर तसंच फाटकं ठेवणारे लोक इथेच पैसे घालवतात.

फट शोधणं

पहिली तपासणी फुकट आहे आणि ती गाडी धुण्याआधी करायची. कच्च्या रस्त्यावरून फिरून आल्यावर दारं उघडा आणि चौकटीवर जिथे रबर टेकतं ती रेषा बघा. रबर नीट दाबलं जातं तिथे स्वच्छ पट्टा दिसतो आणि धूळ त्याच्या बाहेरच्या बाजूला थांबलेली असते. जिथे धूळ पट्टा ओलांडून आत आली आहे, तिथे हवाही येते. कोकणातल्या लाल मातीत ही रेघ इतकी स्पष्ट उमटते की पेन्सिलने खूण करायचीही गरज पडत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या मागच्या वरच्या कोपऱ्यात, बी-पिलरच्या (पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबाच्या) माथ्याशी, ती बहुधा सापडतेच.

मग नोटेची तपासणी. दहाची जुनी नोट रबरावर धरा, दार लावा आणि नोट ओढा. अडखळत, घासत आली तर ठीक. सहज सरकली तर तिथे दाब नाही. दर वीतभर अंतरावर हे करा आणि सैल जागी मास्किंग टेपचा छोटा तुकडा चिकटवून ठेवा. खडूनेही हेच कळतं: रबरावर खडू घासा, दार एकदा लावून उघडा, समोरच्या पत्र्यावर खडूची रेघ जिथे तुटते तिथे रबर पोचत नाही.

उभ्या गाडीत हवा बाहेर ढकलूनही बघता येतं. एसी बंद, ब्लोअर सगळ्यात जोरात, हवा बाहेरून घेण्याच्या स्थितीत, सगळ्या काचा बंद. मग बाहेरून दाराच्या कडेने पेटती उदबत्ती हळूहळू फिरवा. धूर जिथे अचानक बाहेर फेकला जातो तिथे फट. वारा नसलेल्या पहाटे किंवा बंद गॅरेजमध्ये हे करा, नाहीतर काही कळत नाही. गाडीच्या मागच्या भागात कंपनीनेच हवा बाहेर जायला झडपा ठेवलेल्या असतात. तिथे धूर हलेल, ते बरोबर आहे आणि त्या बुजवायच्या नाहीत. त्या बुजवल्या की दार लावताना कान दडपतात आणि काचांवर वाफ धरते.

आता खरी परीक्षा. उभ्या गाडीत नोट घट्ट बसते आणि शंभरच्या वेगात तेच दार सुसाटतं, असं का? वेगात दाराबाहेरचा दाब आतल्यापेक्षा कमी होतो आणि काचेच्या भोवतीची पत्र्याची चौकट बाहेर ओढली जाते. उंच दारांच्या जुन्या गाड्यांत हे जास्त. म्हणून डाव्या पुढच्या दाराच्या बाहेरच्या सगळ्या फटींवर दोन इंची मास्किंग टेप मारा: ए-पिलर (पुढच्या काचेच्या कडेचा खांब), छताची कड, बी-पिलर, आरशाचं बूड. मग दुसऱ्या कुणाला तरी गाडी चालवायला देऊन तुम्ही डावीकडे बसा. आवाज लक्षात येण्याइतका खाली आला तर दोष दाराच्या रबरांचा. मग थांबून एकेका बाजूची टेप काढत जा आणि पुन्हा ऐका. कोणती टेप काढल्यावर आवाज परत आला, ती जागा तुमची. टेप मारून काहीच फरक पडला नाही तर रबरावर एक रुपयाही घालवू नका, दोष दुसरीकडे आहे. टेप त्याच दिवशी काढा. उन्हात भाजली की गोंद रंगावर राहतो. आणि कागदी टेपच वापरा, म्हणजे अडीअडचणीला दार ढकललं की ती फाटते.

मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप चालेल, पण त्याचा आकडा खरा मानायचा नाही, आधी आणि नंतरचा फरक तेवढा बघायचा. तोच फोन, तीच जागा, तोच रस्ता, तोच वेग, ब्लोअर बंद.

रबराआधी दार

फट सापडली की लगेच दुकानात धावू नका. अर्धवट उघडलेलं दार हँडलच्या खालून दोन्ही हातांनी वर उचलून बघा. ते हललं, टक् असा आवाज आला, तर बिजागऱ्यांच्या पिना-बुश झिजले आहेत आणि दार खाली बसलं आहे. ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडलं जातं, त्यामुळे तेच आधी बसतं. अशा दाराला वरच्या कोपऱ्यात फट पडणार आणि खालचं रबर नको इतकं दाबलं जाणार. त्याला औषध म्हणजे बिजागरी, नवीन रबर नाही. हे काम चांगल्या डेंटरकडून करून घ्या.

बिजागरी ठीक असेल तर स्ट्रायकर बघा, म्हणजे बी-पिलरवरची ती लोखंडी कडी जिच्यात दाराचं लॉक अडकतं. तिच्याभोवती पेन्सिलने रेघ ओढून ठेवा. स्क्रू सैल करून कडी एक-दीड मिलिमीटर आत, म्हणजे केबिनच्या दिशेने सरकवा, घट्ट करा, दार लावून नोट ओढा. बऱ्याच गाड्यांत इतक्यावरच काम भागतं. स्क्रू अनेक वर्षांचे जाम झालेले असतात, तेव्हा आधी गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि बरोबर मापाचाच बिट वापरा. डोकं एकदा गोल झालं की प्रकरण वाढतं. कडी वर-खाली हलू देऊ नका. घट्ट केल्यावर दार दोन्ही टप्प्यांत, आधी अर्धं मग पूर्ण, अडकतंय ना हे तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही.

मूळ रबर बदलणं

चौकटीवरचं मूळ रबर बोटाने दाबा. पोकळ गोलाई दाबून सोडल्यावर लगेच फुगली तर त्यात जीव आहे. चपटीच राहिली, कडक लागली, किंवा कोपऱ्यात चिरा दिसल्या तर ते बदलायचं. बहुतेक दारांची रबरं ईपीडीएम या जातीची असतात. ऊन आणि पावसाला ती वर्षानुवर्षं दाद देत नाहीत, पण सतत दाबून राहिल्याने शेवटी चपटी होतात. आणि तेल त्यांना अजिबात सोसत नाही. इंजिन ऑइल, ग्रीस, व्हॅसलीन, डिझेलने पुसणं, यांपैकी काहीही केलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं. 'चकाकी येते' म्हणून असलं काही चोळणाऱ्या वॉशिंगवाल्याला आधीच थांबवा.

मूळ रबरासाठी माझं मत ठाम आहे: कंपनीचं, त्याच मॉडेलचं, त्याच दाराचंच घ्या. मीटरवर मिळणारं 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं रबर स्वस्त पडतं, पण त्याच्या गोलाईची उंची वेगळी असते आणि पकड तुमच्या पत्र्याच्या जाडीला बसेलच असं नाही. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. जाताना जुन्या रबराचा वीतभर तुकडा, गाडीचं वर्ष आणि चॅसी नंबर घेऊन जा. शंका असेल तर आधी एकाच दाराचं घ्या.

बसवायचं असं. जुनं रबर खालच्या बाजूच्या जोडापासून ओढा, ते सहसा फक्त पत्र्याच्या कडेवर खोचलेलं असतं. स्कफ प्लेट (दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी) आणि पिलरच्या प्लॅस्टिक ट्रिमखाली त्याची कड दबलेली असेल, तर ती क्लिपा न तोडता उचला. आता पत्र्याची कड बघा. समुद्राकाठच्या गाडीत इथे गंज असणारच. तारेच्या ब्रशने घासा, रस्ट कन्व्हर्टर, मग प्रायमर, मग रंग, आणि पूर्ण वाळू द्या. गंजावरच रबर खोचलं तर ते आत पाणी धरून ठेवतं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पत्रा खाल्ला जातो.

नव्या रबराचा जोड खालच्या बाजूला मध्यावर येऊ द्या. वर किंवा कोपऱ्यात आला तर पाणी त्यातूनच उतरतं. खालून सुरुवात करून हाताने दाबत जा, रबरी हातोडीने हलकेच ठोका. कोपऱ्यात रबर ताणू नका, उलट किंचित ढकलून जास्तीचं द्या. ताणलेलं रबर काही दिवसांत आकसतं आणि नेमकं कोपऱ्यातूनच सुटतं. शेवटी जास्त उरलं तर लगेच कापू नका. चारही कोपरे पुन्हा दाबून बघा, एक रात्र जाऊ द्या, मग कापा.

जादा पट्टी: कुठे आणि किती

मूळ रबर ठीक असूनही वरच्या बाजूला आवाज राहिला तर चिकटपट्टीवाली जादा पट्टी कामाला येते. बाजारात ती कापल्यावर दिसणाऱ्या इंग्रजी अक्षरासारख्या आकारावरून ओळखतात: डी, पी, बी, झेड. नवख्या माणसाने पोकळ डी घ्यावी, कारण ती सहज दबते. झेड पट्टी दार आणि बॉडीच्या बाहेरच्या फटीसाठी असते. ती वाऱ्याची शिट्टी छान थांबवते, पण तिची जागा चुकली तर कड दुमडून बाहेर डोकावते. भरीव पट्टी दारासाठी घेऊच नका.

मापाचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नका. पोरांच्या खेळण्यातल्या क्लेची गोळी प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळा, जिथे पट्टी लावायची तिथे ठेवा, दार लावून उघडा. चपटी झालेली क्ले पट्टीने मोजा. ती ५ मिलिमीटर भरली तर साधारण ८ मिलिमीटर उंचीची डी पट्टी हवी, म्हणजे तिचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग दबेल. निम्म्याहून जास्त दबणारी पट्टी दाराला बाहेर ढकलते, स्ट्रायकरवर ताण आणते आणि मूळ रबराचा दाबही कमी करते. पट्टी मारल्यावर आवाज वाढला अशी तक्रार करणाऱ्यांचं बहुतेकदा इथेच बिनसलेलं असतं.

लांबी सुतळीने मोजा. पूर्ण दाराला वेढा घालायची गरज नाही. ए-पिलरच्या बुडापासून वर, छताच्या कडेने, बी-पिलरच्या अर्ध्यापर्यंत एवढंच पुरे, टेपच्या परीक्षेत तीच जागा बोलत होती. पत्रा साबणाच्या पाण्याने धुवा, वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर नको, रंग जातो. काम सावलीत करा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर पट्टी नीट बसत नाही. मागचा कागद एकदम सगळा काढू नका, वीतभर काढा, चिकटवा, अंगठ्याने दाबा, पुढे सरका. इथेही ताण द्यायचा नाही.

पट्टीच्या मागच्या ॲक्रेलिक फोमच्या गोंदाला पूर्ण ताकद यायला सुमारे ७२ तास लागतात, त्यातली बहुतेक पहिल्या चोवीस तासांत येते. तेव्हा तीन दिवस गाडी धुऊ नका आणि दार जपून उघडा. सुरुवातीला दार जड लागेल. लावताना एखादी काच दोन बोटं खाली ठेवली की सोपं जातं. आठवड्याभरानंतरही आपटावंच लागत असेल तर पट्टी जाड झाली आहे. ती काढा, बारीक घ्या.

दाराला लागून असलेल्या जागा

काच ज्या चॅनलमध्ये वर-खाली होते त्यातलं रबर झिजलं की काच सैल होते. खड्ड्यात ती खडखडते आणि वेगात तिच्या कडेने हवा शिरते. काच निम्मी खाली करून हाताने आत-बाहेर हलवून बघा. चॅनलचं रबर वेगळं मिळतं आणि ते बदलल्यावर खराब रस्त्यावरचा फरक दाराच्या रबराहून जास्त जाणवतो. तसंच काचेखालची बाहेरची पट्टी, जी काच पुसत असते: ती आकसून काचेपासून सुटली असेल तर बदला.

शिट्टी नेमकी कानाजवळ, आरशाच्या कोपऱ्यातून येत असेल तर आरशाच्या बुडाखालची फोमची गास्केट वाळून भुगा झालेली असते. पातळ बंद-पेशी (पाणी न शोषणारा) फोम कापून बसवला की झालं.

रेन व्हायझर हा आपल्याकडे प्रत्येक गाडीला असतोच. पावसात काच थोडी उघडी ठेवता येते हे खरं, पण वेगात तो स्वतःच आवाज करतो. टेपच्या परीक्षेत व्हायझरच्या पुढच्या कडेवर टेप मारून एक फेरी ऐका, आणि छतावर रिकामा कॅरिअर असेल तर तो एकदा उतरवून बघा. रबरावर खर्च करण्याआधी हे केलं पाहिजे.

मागच्या दाराचं रबर मात्र आवाजासाठी नाही तर जिवासाठी तपासा. उभ्या मागच्या भागाच्या गाडीमागे हवेचा भोवरा तयार होतो आणि एक्झॉस्टचा धूर परत गाडीकडे ओढला जातो. मागे बसलेल्यांना डिझेलच्या धुराचा वास येत असेल तर ते रबर आणि एक्झॉस्टची गळती, दोन्ही लगेच बघून घ्या. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला स्वतःला वास नसतो.

पाणी

दाराच्या खालच्या कडेला छोटी लांबट भोकं असतात. काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी तिथूनच बाहेर जातं. कोणतीही पट्टी त्यांच्यावर आली नाही पाहिजे. पट्टी लावताना ती काडीने साफही करून घ्या, चिखलाने बुजलेलीच सापडतील. दार हलवल्यावर आत पाणी खळखळलं तर तेच कारण.

डोअर पॅडच्या, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाच्या, मागे प्लॅस्टिकचा एक पडदा असतो, कडेने काळ्या चिकट ब्युटाइलने लावलेला. पॉवर विंडोची मोटर बदलताना घाईतला मेकॅनिक तो फाडतो आणि तसाच सोडून देतो. मग पाणी पॅडवर येतं, फ्लोअर मॅट ओला होतो आणि दाराच्या पोकळीतला आवाज थेट केबिनमध्ये येतो. पॅड एकदा उघडून बघाच. पडदा फाटला असेल तर जाड प्लॅस्टिक कापून नवा करा आणि ब्युटाइल टेपने पूर्ण कडेने बसवा. त्याचं खालचं टोक दाराच्या आतल्या बाजूला, पोकळीत जाईल असं ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी भोकांकडे जातं. सुट्या भागांत सगळ्यात कमी पैशांत होणारी ही दुरुस्ती आहे, आणि दार लावतानाचा पोकळ 'ढण्ण' आवाजही तिने बसतो.

सगळं झाल्यावर पाइपने हळू धार सोडून प्रत्येक दारावर पाच-दहा मिनिटं पाणी घाला, आत एक जण टॉर्च घेऊन बसू दे. प्रेशर वॉशरने ही तपासणी करू नका, त्याची धार चांगल्या रबरातूनही आत घुसते.

त्यानंतरची निगा थोडीच. वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि दिवाळीच्या सुमाराला, ओल्या फडक्याने रबरांवरची धूळ पुसा, वाळू द्या आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. काचेच्या चॅनलमध्ये सिलिकॉन स्प्रे मारा, काचेवर उडालेला लगेच पुसून टाका. चिकटपट्टीची टोकं तेवढी ग्रीसपासून लांब ठेवा, नाहीतर ती तिथूनच उचकटायला लागतात.